उत्तर येतं, पण लिहिता येत नाही

इतिहासाचं उत्तर घडाघडा सांगणारं मूल वहीत मात्र ‘घर’चं ‘धर’ करतं, ‘भ’ आणि ‘म’मध्ये गोंधळतं, जोडाक्षरांपाशी अडखळतं. हा आळसच असेल असं नाही. ती अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. निदान तज्ज्ञांनी करायचं. वर्गातले बदल मात्र शिक्षक लगेच करू शकतात. धडा मोठ्याने वाचून दाखवावा, फळ्यावरचा मजकूर छापून द्यावा, सर्वांसमोर अचानक वाचायला उभं करू नये. विज्ञानाचं उत्तर तोंडी किंवा आकृतीतून घ्यावं. तिथे शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. या बदलांनी अभ्यासक्रम सोपा होत नाही, मुलाला किती समजलंय ते नेमकं कळतं.