कॅनडाची तूट मिटली, भार कोणी उचलला?

सरकारचा वर्षाचा खर्च त्याच्या उत्पन्नाहून जितका जास्त, तितकी त्या वर्षाची वित्तीय तूट. आणि ती भागवण्यासाठी वर्षानुवर्षे उचललेल्या रकमा साचून जो बोजा तयार होतो, ते सार्वजनिक कर्ज. कॅनडाच्या केंद्र सरकारने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दोन दशके सलग तूट सोसली आणि त्यातच व्याजदर चढल्याने जुन्या कर्जाचे व्याज भागवण्यासाठी नवे कर्ज काढावे लागले. १९९५-९६ मध्ये हे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे देशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या, सुमारे दोन तृतीयांश झाले होते, आणि तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक डॉलरमधले सुमारे ३६ सेंट नुसत्या व्याजापायी जात होते.

अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी २७ फेब्रुवारी १९९५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाचा भर करवाढीपेक्षा खर्चकपातीवर होता. सुमारे ४५ हजार केंद्रीय नोकऱ्या कमी करण्याचे ठरले. १८९७ च्या करारापासून प्रेअरी प्रांतांतील धान्य रेल्वेने सवलतीच्या भाड्यात बंदरांकडे जात असे; ती सवलत १९९५ च्या ऑगस्टमध्ये संपली, जमीनमालकांना एकदाच १.६ अब्ज डॉलरांची भरपाई मिळाली आणि त्यानंतर पूर्ण भाडे शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ लागले.

सर्वांत खोल घाव मात्र आरोग्यसेवेवर बसला. कॅनडात ही सेवा पुरवण्याची जबाबदारी प्रांतांची असून केंद्र त्यांना अनुदान देते. आरोग्य, उच्च शिक्षण आणि सामाजिक साहाय्य यांची अनुदाने १९९६ मध्ये एकत्र करण्यात आली आणि त्यांतील रोख हिस्सा दोन वर्षांत सुमारे १८.५ अब्ज डॉलरांवरून १२.५ अब्जांवर आला. प्रांतांनी हा खड्डा भरण्यासाठी आपापल्या सेवांना कात्री लावली, म्हणजे केंद्राच्या वहीतून पुसलेल्या तुटीचा काही भाग रुग्णांच्या वाट्याला आला.

१९९७-९८ पासून सलग अकरा वर्षे केंद्राचा अर्थसंकल्प शिलकीत राहिला आणि कर्जाचे प्रमाण उत्पादनाच्या तीस टक्क्यांखाली उतरले. या यशात उतरत्या व्याजदरांचा आणि अमेरिकेकडे वाढलेल्या निर्यातीचाही वाटा असल्याने त्याचे सारे श्रेय एकट्या कपातीला देता येत नाही. कर्ज आटोक्यात आणणे आवश्यकच होते. परंतु सरकारचा हिशेब जुळला, एवढ्यावर समाधान न मानता तो जुळवण्यासाठी कोणाची सेवा कमी झाली, हेही प्रत्येक अर्थसंकल्प वाचताना नागरिकांनी विचारले पाहिजे.