सुट्टी कोणाची, काम कोणाकडे?

कोल्हापूर - २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची शासकीय सुट्टी कोल्हापुरात शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांत मात्र ती सोमवारी, ८ सप्टेंबरला देण्यात आली, कारण ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. त्यामुळे शासकीय सुट्ट्या पाळणाऱ्या आणि शनिवार-रविवार बंद असणाऱ्या कार्यालयांत शुक्रवारी मुंबईकर कामावर व कोल्हापूरकर घरी, तर सोमवारी नेमके उलट अशी स्थिती होती. गुरुवारी एकमेकांशी बोललेली माणसे पुन्हा एकाच वेळी कामावर आली ती थेट मंगळवारी, ९ तारखेला. या काळात कोणीही रजेवर नव्हते. तरीही दोन्हीकडच्या सह्या लागणारा कागद पाच दिवस पडून राहण्याची पुरेपूर सोय झाली होती.

'सुट्टी सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यात सांगायचे काय?' हा समज सणासुदीच्या दिवसांत कामाला किती महागात पडू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

मराठीत 'सुट्टी' आणि 'रजा' हे दोन शब्द बोलताना आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. वास्तविक सुट्टी संस्था देते, रजा कर्मचारी मागतो. रजा मागावी लागते म्हणून निदान एका माणसाला, म्हणजे साहेबाला, तिची माहिती असते. सुट्टीची माहिती मात्र सर्वांना आहे असे गृहीत धरले जाते आणि घोटाळा तेथेच होतो. राज्य शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. त्या बँका, न्यायालये आणि केंद्र शासनाच्या कार्यालयांना लागू नसतात. म्हणजे एकाच रस्त्यावर एक कचेरी बंद आणि समोरची बँक उघडी असू शकते. राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर गेली. बँकांना मात्र २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवारच सुट्टीचा आहे. खासगी आस्थापनांचा हिशेब आणखी निराळा. बाहेरगावच्या सहकाऱ्याने हे सारे पाठ करून ठेवावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

हजर, पण काम बंद

कोल्हापूरचे सणांचे वेळापत्रक तर बाहेरच्याला सहज उमगणारे नाही. गणेशोत्सवात पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर चतुर्थी आणि अनंत चतुर्दशी असते. येथे बहुतेक घरांतील गणपती गौरींबरोबर जातात, त्यामुळे त्या दिवशी दुपारनंतर अर्धे शहर पंचगंगेच्या किंवा विसर्जन कुंडाच्या वाटेवर असते. अनंत चतुर्दशीची महाद्वार रोडवरची मिरवणूक अनेकदा दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. रात्रभर मंडळाबरोबर चाललेला कार्यकर्ता सकाळी दहाला टेबलावर ताजातवाना असेल, असे कोणी मानू नये. पुढे नवरात्रात ललित पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली टेकडीवर जाते, अष्टमीला देवीची नगरप्रदक्षिणा निघते आणि दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघन होते. मंदिर परिसरातील रस्त्यांवरून या दिवसांत वाहन नेणे म्हणजे दिव्यच.

सर्वांत फसवा दिवस खंडेनवमीचा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होते. माणसे कारखान्यात असतात, दूरध्वनी उचलला जातो, पेढेही मिळतात. पण पूजलेल्या यंत्राला लगेच हात लावला जात नाही. पुण्याच्या ग्राहकाला 'हो, आम्ही आहोत' असे उत्तर मिळते आणि तो कास्टिंगच्या गाडीची वाट पाहत बसतो. उत्तर खोटे नसते, फक्त अपुरे असते.

सणांतील बहुतांश गैरसमज या अपुरेपणातून निर्माण होतात. पूर्ण रजेवर असलेला माणूस त्या मानाने कमी अडचणीचा, कारण तो नाही हे एकदा कळले की दुसरी व्यवस्था होते. खरी पंचाईत अर्धवट उपलब्ध असणाऱ्याची. सकाळी गौरीचा नैवेद्य, दुपारी दोन तास काम, संध्याकाळी हळदी-कुंकू अशी कसरत करणारी महिला कर्मचारी दप्तरी 'हजर' असते. 'मी आहे, काही लागले तर सांगा' असे ती भिडेपोटी म्हणते आणि मग पुरणाचा घाट घातलेला असताना फोन वाजत राहतो. 'दोन ते चारच्या दरम्यान बोलू शकेन, इतर वेळी नाही' असे स्पष्ट सांगणे तिला उद्धटपणाचे वाटते. वस्तुतः समोरच्याला तेच सोयीचे असते.

कागदावरचा जुना शहाणपणा

सरकारी रजेच्या अर्जाची आपण थट्टा करतो. परंतु त्या अर्जात रजेच्या काळातील पत्त्याचा रकाना असतो, रजेला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा उल्लेख असतो आणि मोठ्या रजेवर जाताना कार्यभार कोणाकडे, हेही ठरवावे लागते. माणूस कधीपासून कधीपर्यंत नाही, गरज पडल्यास कोठे सापडेल आणि तोवर त्याचे काम कोण पाहील, हे तीन प्रश्न त्या रुक्ष कागदाने फार पूर्वी ओळखले होते. व्हॉट्सअॅपच्या गटावर 'उद्यापासून सुट्टीवर, सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा' असा संदेश टाकणारे आपण यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

मजकूर लांबलचक हवा असे नाही. उदाहरणार्थ : 'गुरुवार ते रविवार मी रजेवर आहे. पगारपत्रकाचे काम लेखा विभागातील सहकाऱ्याकडे सोपवले असून आवश्यक कागद त्यांच्याकडे दिले आहेत. बँकेच्या सहीचा प्रश्न उद्भवल्यासच सायंकाळी पाच ते सहा या वेळेत फोन करावा. सोमवारी सकाळी दहाला कामावर येईन.' एवढे पुरते. मात्र ज्याचे नाव द्यायचे त्याला आधी विचारलेले असावे. रजेवरच्या माणसाने आपले नाव पुढे केल्याचे तिसऱ्याकडूनच कळणे, यासारखा संताप दुसरा नाही. ई-मेलला आपोआप जाणारे उत्तर बाहेरच्यांसाठी त्रोटकच ठेवावे. घर कोणत्या तारखांना बंद आहे, हे अनोळखी माणसाला कळवण्याचे कारण नाही.

सांगायचे केव्हा, याला कायद्यातही आधार सापडतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. ही तरतूद किती ठिकाणी गांभीर्याने पाळली जाते, हा प्रश्न वेगळा. पण पंचांग हाती घेऊन बसल्यास पुष्कळ काही आधीच दिसते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरलाच होता, म्हणजे चारपैकी एक सुट्टी दुसऱ्या दिवसासाठी मोकळी होत होती. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. 'गेल्या वर्षीप्रमाणेच' हा शेरा म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

या सगळ्यात मागे राहणाऱ्याचा विचार क्वचितच होतो. दिवाळीत कार्यालय सांभाळण्याची वेळ बहुधा नव्या, अविवाहित किंवा दिवाळी न पाळणाऱ्या सहकाऱ्यावर येते आणि त्याला ते विचारले जात नाही, सांगितले जाते. त्याच्या ईदच्या वेळी अडचण अशी, की चंद्रदर्शनावर तारीख एका दिवसाने मागेपुढे होते. म्हणून त्याची रजा दोन्ही दिवसांसाठी धरून ठेवणे, हा साधा उपाय आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. भाऊबीज आटोपून कोल्हापूरकर कामावर परततो, तेव्हा बिहारचा कामगार गावी सणाच्या तयारीत असतो आणि रेल्वेचे परतीचे आरक्षण त्याने दोन महिने आधीच करून ठेवलेले असते. त्या तिकिटावरची तारीख त्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच विचारून फळ्यावर लिहून ठेवता येते.