पारा थांबतो, मग उष्णता जाते कुठे?

दिवाळीत तुम्ही फुलबाजी लावली असेलच. तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्यांचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या घरात असते. तरीही एखादी ठिणगी हातावर पडली, तर क्षणभर चुरचुरते आणि संपते. उकळते पाणी मात्र केवळ १०० अंशांचे असते. पण ते पेलाभर हातावर सांडले, तर फोड आल्याशिवाय राहत नाहीत. असे का व्हावे?

‘उष्णता’ आणि ‘तापमान’ हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात एकाच अर्थाने वापरतो. अकरावीत भौतिकशास्त्र शिकायला येणारे अनेक विद्यार्थी हा गोंधळ बरोबर घेऊनच येतात. तो आजच दूर करू या.

दोन शब्द, दोन अर्थ

प्रत्येक पदार्थाचे कण सतत हालचाल करीत असतात. ही हालचाल सरासरीने किती जोरदार आहे, हे तापमान सांगते. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाणारी ऊर्जा. ही ऊर्जा किती जाईल, हे केवळ तापमानावर ठरत नाही. पदार्थ कोणता आणि त्याचे वस्तुमान किती, यांवरही ते अवलंबून असते. ठिणगीचे तापमान प्रचंड, पण वस्तुमान नगण्य. त्यामुळे ती तुमच्या हाताला फारच थोडी उष्णता देऊ शकते. फुलबाजीच्या तापलेल्या तारेला मात्र हात लावू नका. तिचे वस्तुमान ठिणगीच्या कितीतरी पट आहे!

१ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवण्यास सुमारे १ कॅलरी, म्हणजे ४.१८ ज्यूल उष्णता लागते. तुम्ही म्हणाल, “मग उष्णता दिली की तापमान वाढलेच पाहिजे.” नेमके येथेच निसर्ग आपल्याला चकवतो.

ब्लॅक यांचा प्रयोग

जोसेफ ब्लॅक हे स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते. बर्फ शून्य अंशाला पोचले, की थोड्याशा उष्णतेने ते सगळे वितळते, असा त्या काळी समज होता. ब्लॅक यांना तो पटेना. तसे असते, तर उन्हे तापू लागताच डोंगरावरचे सारे बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात ते आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहते.

१७६१ च्या सुमारास त्यांनी काचेची दोन सारखी भांडी घेतली. एकात ३२ अंश फॅरनहाइटचे बर्फ होते, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे ३३ अंशांचे पाणी. दोन्ही भांडी ४७ अंशांच्या एका दालनात टांगून ठेवली. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर पोचले. बर्फाला वितळून ४० अंशांवर यायला मात्र साडेदहा तास लागले!

आता वहीपेन्सिल घ्या. अर्ध्या तासात पाण्याचे तापमान ७ अंशांनी वाढले. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. बर्फालाही त्याच गतीने उष्णता मिळाली असे मानले, तर २१ × ७ = १४७ अंश वाढवण्याइतकी उष्णता आत गेली. त्यातून ३२ वरून ४० वर येण्यासाठी ८ अंशांपुरती खर्च झाली. उरलेली १३९ अंशांची उष्णता तापमापीला दिसलीच नाही. सेल्सियसमध्ये ही संख्या सुमारे ७७ होते. आजच्या अचूक मापनानुसार १ ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. दोन भांडी, एक तापमापी आणि एक घड्याळ एवढ्यावर ब्लॅक किती जवळ पोचले, पाहा!

ही लपलेली उष्णता म्हणजेच ‘अप्रकट उष्मा’. ती नाहीशी होत नाही. बर्फातील रेणू एकमेकांना जखडून बसलेले असतात. ही पकड सैल करण्यात ती ऊर्जा खर्च होते. रेणूंची सरासरी हालचाल वाढत नाही, म्हणून पाराही चढत नाही.

वाफेपासून सावध

पाण्याची वाफ होताना तर रेणूंना एकमेकांपासून जवळजवळ पूर्ण सुटायचे असते. त्यासाठी १ ग्रॅम पाण्याला सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफेचे पुन्हा पाणी होताना ही सगळी उष्णता बाहेर पडते.

१०० अंशांचे १ ग्रॅम पाणी त्वचेवर ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देते. १०० अंशांची १ ग्रॅम वाफ आधी ५४० आणि मग ६३, म्हणजे एकूण ६०३ कॅलरी देते. तापमान तेच, उष्णता मात्र जवळजवळ दसपट! म्हणून इडलीपात्राचे किंवा मोदकपात्राचे झाकण काढताना ते आपल्यापासून दूरच्या बाजूने उचलावे. भाजलेच, तर तो भाग लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा, म्हणजे आत शिरलेली उष्णता निघून जाते. आणि भाजणे मोठे असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

याच ज्ञानाने इंधनही वाचते. उघड्या पातेल्यातील पाणी एकदा उकळू लागले, की ज्योत कितीही मोठी केली, तरी त्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता वाफ करण्यात जाते आणि भात काही लवकर शिजत नाही. उकळी आली, की आच मंद करून झाकण ठेवावे.

तुम्हीही करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली चंचुपात्रात बर्फाचा चुरा घ्या आणि मंद आचेवर ठेवा. काचकांडीने ढवळत दर मिनिटाला तापमान नोंदवा. पाणी उकळेपर्यंत नोंदी चालू ठेवा. तापमापी प्रयोगशाळेतीलच हवी. ताप मोजायची वापरल्यास ती फुटेल. मग काल आणि तापमान यांचा आलेख काढा. त्यात रेषा दोन ठिकाणी आडवी झालेली दिसेल. त्या दोन पायऱ्यांवर उष्णता आत जात असते, पण पारा थांबलेला असतो.

जाता जाता एक प्रश्न : मे महिन्यात नागपूरच्या माठातील पाणी रत्नागिरीच्या माठातील पाण्यापेक्षा हवेच्या मानाने अधिक गार का होते? अप्रकट उष्मा आणि हवेतील दमटपणा या दोहोंचा विचार करा. उत्तर तुम्हांला नक्की सापडेल.