खिशातल्या राजीनाम्यांचा हिशेब

१८ खासदार, १ मंत्री, खातं अवजड उद्योग. २०१४ मध्ये केंद्रात शिवसेनेच्या वाट्याला एवढंच आलं. अनंत गीते इतके नाराज झाले की त्यांनी लगेच पदभारही घेतला नव्हता. २०१९ मध्ये शिवसेनेचे पुन्हा १८ खासदार निवडून आले, पुन्हा एकच मंत्री आणि पुन्हा अवजड उद्योगच. या वेळी अरविंद सावंत. १९९९ मध्ये वाजपेयींच्या मंत्रिमंडळात मनोहर जोशींकडेही हेच खातं होतं. मित्रपक्षाला कुठल्या पाटावर बसवायचं हे दिल्लीत जणू आधीच ठरलेलं असावं.

शिवसेनेचा त्रागा आपल्याला तोंडपाठ आहे. पण २०१४ चा आकडा जरा बाजूच्या पंगतीतही पाहायला हवा. लोकजनशक्ती पक्षाचे ६ खासदार आणि मंत्री १, रामविलास पासवान. अकाली दलाचे ४ खासदार आणि मंत्री १, हरसिमरत कौर. म्हणजे १८ असोत, ६ असोत की ४, वाढप सारखंच. यामागे आकस शोधायची गरज नाही, एक वजाबाकी पुरते. भाजपचे स्वतःचे २८२ खासदार होते आणि बहुमताला २७२ हवे होते. एकही मित्रपक्ष नसता तरी सरकार चाललं असतं. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला मान मिळतो, वाटा मिळत नाही.

हीच वजाबाकी महाराष्ट्र विधानसभेला लावून पाहू. एकूण जागा २८८, बहुमत १४५. युतीतल्या नाराजीची सुरुवात भाजपच्या तक्रारीपासून झाली हे आज अनेकांना आठवत नाही. १९९० ते २००९ या पाच निवडणुकांत शिवसेना मोठा भाऊ आणि भाजप धाकटा. या भावांनी किती जागा लढवल्या आणि किती जिंकल्या ते असं:

१९९० : शिवसेना १८३ पैकी ५२, भाजप १०४ पैकी ४२
१९९५ : शिवसेना १६९ पैकी ७३, भाजप ११६ पैकी ६५
१९९९ : शिवसेना १६१ पैकी ६९, भाजप ११७ पैकी ५६
२००४ : शिवसेना १६३ पैकी ६२, भाजप १११ पैकी ५४
२००९ : शिवसेना १६० पैकी ४४, भाजप ११९ पैकी ४६

टक्केवारी काढली की धाकट्याचं दुखणं कळतं. १९९० मध्ये शिवसेनेने लढवलेल्या जागांपैकी २८ टक्के जिंकल्या, भाजपने ४० टक्के. १९९५ मध्ये हेच प्रमाण ४३ आणि ५६ होतं, २००९ मध्ये २८ आणि ३९. पाचही वेळा भाजपचा स्ट्राइक रेट सरस, आणि पाचही वेळा जास्त जागा शिवसेनेकडे. अर्थात स्ट्राइक रेट म्हणजे कर्तृत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. ज्याला १६० च्या वर जागा लढवायच्या असतात त्याला काँग्रेसच्या बालेकिल्ल्यांतही उमेदवार द्यावे लागतात. ज्याच्याकडे ११७ असतात तो निवडून घेऊ शकतो. तरी वीस वर्षं हा तक्ता समोर ठेवून ‘मोठा भाऊ’ ऐकत बसणं कुणालाही जड गेलं असतं.

मग भाजपने इतकी वर्षं ते का ऐकलं? उत्तर मतांच्या टक्केवारीत आहे. १९९० मध्ये भाजपला राज्यात १०.७ टक्के मतं होती, २००९ मध्ये १४. या काळात शिवसेनेची मतं १६ ते २० टक्क्यांच्या दरम्यान राहिली. एकट्याने लढून भाजपला सत्ता दिसतही नव्हती. १९९५ च्या सरकारात मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडे गेलं, गोपीनाथ मुंडेंना उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं मिळालं. धाकट्याला गृहखातं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

२००९ मध्ये भाजपचे ४६ आणि शिवसेनेचे ४४ आले. फरक दोनच आमदारांचा, पण त्यावर विरोधी पक्षनेतेपद भाजपच्या एकनाथ खडसेंकडे गेलं. त्यानंतर पाच वर्षांनी शिवसेनेने स्वतःसाठी १५१, भाजपसाठी ११९ आणि छोट्या मित्रांसाठी १८ जागा असा प्रस्ताव दिला, तेव्हा मोदी लाटेवर स्वार झालेला पक्ष तो मान्य करणार नाही हे उघड होतं. २५ सप्टेंबर २०१४ ला युती तुटली. स्वतंत्र लढून भाजपला २७.८ टक्के मतं आणि १२२ जागा मिळाल्या, शिवसेनेला १९.३ टक्के आणि ६३ जागा. मोठा भाऊ कोण, हा वाद तिथेच मिटला.

मात्र शिवसेनेची किंमत ६३ या आकड्याने ठरली नाही, ती ठरली राष्ट्रवादीच्या ४१ ने. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला. १२२ आणि ४१ मिळून १६३ होतात. शिवसेना नसली तरी चालणार होतं! शिवसेना महिनाभर विरोधी बाकांवर बसली, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले, आणि ५ डिसेंबरला पक्षाचे १० मंत्री शपथ घेऊन मोकळे झाले. गृह, महसूल, अर्थ, नगरविकास ही सगळी खाती भाजपकडेच राहिली. मुंडेंना १९९५ मध्ये जे मिळालं ते इथे मिळालं नाही, कारण १९९५ मध्ये शिवसेनेकडे ‘दुसरं स्थळ’ नव्हतं. पुढची पाच वर्षं शिवसेनेच्या मंत्र्यांचे राजीनामे खिशात आहेत असं ऐकवलं जात होतं. ते खिशातच राहिले. ते बाहेर काढून सरकार पडत नव्हतं आणि हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं.

२०१९ चा निकाल मात्र वेगळा लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजपचा स्ट्राइक रेट ६४ टक्के, शिवसेनेचा ४४. त्या हिशेबाने शिवसेना आणखी दुबळी झाली होती. जागा २०१४ पेक्षा सातने कमी, मतं १६.४ टक्क्यांवर घसरलेली. आणि नेमकं याच वेळी पक्षाला मुख्यमंत्रिपद मिळालं. कारण ५६, ५४ आणि ४४ यांची बेरीज १५४ होते. पहिल्यांदाच शिवसेनेकडे दुसरा दरवाजा होता आणि राजीनामा खिशातून बाहेर आला. तोही अरविंद सावंतांचा, अवजड उद्योग खात्याचा. पहाटेचा शपथविधी आणि त्यानंतरचे ऐंशी तास सर्वांना पाठ आहेत, ते इथे उगाळत नाही.

महाविकास आघाडीत हे तिन्ही पक्ष एकमेकांना तितकेच आवश्यक होते. काँग्रेस वजा केली तर ११०, राष्ट्रवादी वजा केली तर १००. या गणिताने कुरबूर कमी व्हायला हवी होती. झाली नाही, कारण अडवण्याची ताकद पक्षाकडे होती, आमदाराकडे नव्हती. निधी राष्ट्रवादीच्या मतदारसंघांत जातो आणि आपल्या मुख्यमंत्र्यांची भेट मिळत नाही, ही शिवसेना आमदारांची तक्रार होती. त्यातली किती खरी आणि किती सोयीची, यावर वाद घालता येईल. एकटा आमदार अशी तक्रार करतो तेव्हा तिला कुणी भाव देत नाही. मात्र तेव्हाच्या ५५ पैकी दोन तृतीयांश म्हणजे ३७ आमदार एकत्र उठले की चित्र बदलतं. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंसह ४० उठले. ४ जुलैला शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ४० आमदारांच्या गटाला मुख्यमंत्रिपद मिळालं, आणि ऑगस्टच्या विस्तारात शंभरावर आमदार असलेल्या भाजपने स्वतःला ९ आणि शिंदे गटाला ९ मंत्री दिले. वीस जणांच्या मंत्रिमंडळात निम्मा वाटा. शिंदे गटाची किंमत इतकी वर कधीच गेली नव्हती.

ती उतरायला वर्षही लागलं नाही. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीचे अजित पवार आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांनी शपथ घेतली. शिवसेनेचे मंत्री दहाचे दहाच राहिले, मंत्रिमंडळ मात्र २० वरून २९ वर गेलं. निम्मा वाटा एका दुपारीत तिसऱ्या हिश्श्याजवळ आला. मंत्रिपदासाठी कोट शिवून ठेवलेल्या शिंदे गटाच्या भरत गोगावलेंवर विनोद झाले. त्या विनोदामागे हा भागाकार होता.

२०२४ मध्ये भाजपने १४९ पैकी १३२ जिंकल्या, म्हणजे दर दहातल्या जवळपास नऊ. शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. शिंदेंचे आमदार ४० वरून ५७ झाले आणि मुख्यमंत्रिपद गेलं. १३२ आणि ४१ म्हणजे १७३. शिंदे बाजूला झाले तरी सरकार पडत नव्हतं. १३२ आणि ५७ म्हणजे १८९. अजित पवार बाजूला झाले तरीही नाही. दोन मित्र असले की दोघेही स्वस्त होतात, हे २०१४ चंच गणित, फक्त आता दोघेही घरातच बसवलेले.

भाजपच्या बाजूने एक आकडा सांगायलाच हवा. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री धरून भाजपचे २०, शिवसेनेचे १२, राष्ट्रवादीचे १०. भाजपला दर ६.६ आमदारांमागे एक मंत्री मिळाला, शिवसेनेला ४.७५ मागे, राष्ट्रवादीला ४.१ मागे. डोकी मोजली तर मित्रांना झुकतं मापच मिळालं. पण शिंदे गृहखात्यासाठी अडून बसल्याच्या बातम्या आठवडाभर येत राहिल्या आणि ते खातं मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली, तेव्हा रायगड आणि नाशिकच्या नेमणुका दुसऱ्याच दिवशी स्थगित कराव्या लागल्या. मंत्रिपदं मोजता येतात, म्हणून ती उदारपणे वाटली जातात. पोलीस, पैसा आणि जिल्ह्याची चावी मात्र मोजून देण्याच्या गोष्टी नाहीत.

हा स्वभाव एकाच पक्षाचा समजू नये. २००४ मध्ये राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९ असूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिलं. २०१३ मध्ये शरद पवारांनी फायलींवर सही करताना हाताला लकवा भरतो की काय, अशा आशयाचा टोला लगावला होता. तो आपल्याच आघाडीच्या मुख्यमंत्र्यांना होता.

आता पुन्हा दिल्ली. २०२४ मध्ये भाजप २४० वर अडला आणि रालोआचे खासदार झाले २९३. तेलुगू देसमचे १६ वजा केले तर २७७, संयुक्त जनता दलाचे १२ वजा केले तर २८१. दोघे एकदम गेले तरच २६५. दोघांनाही एकेक कॅबिनेट आणि एकेक राज्यमंत्रिपद मिळालं. शिंदेंचे ७ खासदार गेले तरी २८६ उरतात. त्यांना मिळालं एक राज्यमंत्रिपद, स्वतंत्र प्रभाराचं: प्रतापराव जाधवांकडे आयुष. श्रीरंग बारणेंनी याबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवली. इथे मात्र माझी वजाबाकी पुरी पडत नाही, कारण एकाच खासदाराच्या पक्षाचे जीतनराम मांझी कॅबिनेट मंत्री झाले. ते माजी मुख्यमंत्री होते आणि बिहारची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. सरकार पाडण्याची ताकद नसली, तरी पुढच्या निवडणुकीत नुकसान करण्याची ताकद असली की तीही मोजली जाते. महाराष्ट्राची निवडणूक तर त्याहून आधी, पाच महिन्यांवर होती. तरी शिंदेंच्या बाबतीत ती मोजली गेली नाही, कारण त्यांना जायला दुसरं घरच उरलं नव्हतं.

आणि ते अवजड उद्योग खातं? ते या वेळी एच. डी. कुमारस्वामींकडे गेलं. त्यांच्या पक्षाचे खासदार २.