ऑडिट शिकणारी मुलगी आणि आपल्या गटाची वही

आज आपण ऑडिटबद्दल बोलूया. ऑडिट म्हटलं की गटात कुणाच्या ना कुणाच्या कपाळावर आठी पडतेच. वर्षातून एकदा कुणीतरी येतं, वह्या चाळतं, सही-शिक्का करून जातं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. ते नेमकं काय तपासतात, आणि कसं, हे समजून घ्यायला आम्ही आपल्याच तालुक्यातल्या एका मुलीला स्टुडिओत बोलावलं होतं. तिची आई बचत गटात आहे आणि ती स्वतः पुण्यात एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये शिकाऊ म्हणून काम करते. फर्मचं नाव तिने सांगितलं नाही. ज्या कंपन्यांचे हिशोब ती तपासते त्यांचीही नावं सांगितली नाहीत, आणि आम्ही विचारली नाहीत. दुसऱ्याच्या हिशोबातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा तिच्या कामाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.

आधी ती तिथे पोचली कशी, ते सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली कॉमर्सला आहेत, त्यांना उपयोग होईल. सीए व्हायला तीन परीक्षा असतात. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट आणि शेवटी फायनल. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळालेली मुलगी फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवू शकते. या परीक्षा घेणारी आणि नियम ठरवणारी संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया. ती १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली.

पण नुसत्या परीक्षा देऊन सीए होता येत नाही. सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावं लागतं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ती दोन वर्षांची झाली. ती तालुक्याच्या गावातल्या सीएकडे करता येते, तशीच मोठ्या फर्ममध्येही करता येते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही चार नावं तुम्ही ऐकली असतील. जगातल्या सर्वांत मोठ्या फर्म म्हणून त्या ओळखल्या जातात आणि त्यांच्याशी जोडलेल्या फर्म मुंबई-पुण्यातही आहेत.

शिकाऊ मुलीला दरमहा विद्यावेतन मिळतं. ते पगाराइतकं नसतं. पुण्यासारख्या शहरात खोलीभाडं, मेस आणि बसचा खर्च त्यात भागेलच असं नाही, म्हणून दोन वर्षं घरून थोडी मदत करावी लागेल हे धरून चला. आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की पुढचे दोन-तीन महिने कामाचा हंगाम असतो. आपल्याकडे सुगीत जसं घड्याळ बघून चालत नाही, तसं तेव्हा तिथे होतं. रात्री उशीर होतो. अशा दिवसांत मुलीचा फोन आला तर "एवढा वेळ काय करतेस?" असं विचारण्याआधी "जेवलीस का? परत कशी जाणार?" हे विचारा, असं तिने सगळ्या आयांना सांगायला सांगितलं आहे.

आता तिच्या कामाकडे वळू. पहिले काही महिने तिने फक्त बिलं बघितली. वहीत लिहिलंय की अमुक तारखेला अमुक रुपये खर्च झाला. मग त्याचं बिल कुठे आहे? बिलावरची तारीख आणि रक्कम तीच आहे का? माल खरंच आला का? खर्चाला मंजुरी कुणी दिली? मोठ्या कंपनीची लाखो बिलं असतात, सगळी बघणं शक्य नाही. म्हणून त्यातली काही निवडून तपासतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तसंच. फक्त कुठलं शीत उचलायचं हे तपासणाऱ्याने ठरवायचं. ज्याचा भात आहे त्याने नाही.

मग आला ३१ मार्च. एका कंपनीच्या गोदामातला माल मोजला जात होता आणि तिथे हजर राहायला तिला पाठवलं. तिचं वय एकवीस, गोदामाचे मॅनेजर पन्नाशीचे. त्यांनी चहा दिला, यादी पुढे केली आणि म्हणाले, "सगळं मोजून झालंय, फक्त सही करा." तिला शिकवलं होतं की मोजणी दोन्ही बाजूंनी बघायची. यादीतली काही नावं घ्यायची आणि तो माल गोदामात शोधायचा. मग गोदामात समोर दिसणारा काही माल घ्यायचा आणि तो यादीत आहे का ते बघायचं. पहिल्याने कळतं की लिहिलेलं खरंच आहे. दुसऱ्याने कळतं की जे आहे ते लिहायचं राहिलेलं नाही.

तिने मागच्या रांगेतली खोकी उघडायला सांगितली. मॅनेजरना ते आवडलं नाही. "ताई, वीस वर्षं आहे मी इथे," असं म्हणाले. खोकी उघडली तर त्यातली काही रिकामी निघाली. लबाडी नव्हती. परत पाठवायची रिकामी खोकी तिथे रचून ठेवली होती आणि मोजणाऱ्या मुलाने ती भरलेली धरली होती. यादी दुरुस्त झाली. जाताना मॅनेजर तिला म्हणाले, "बरं झालं आजच दिसलं. पुढे कधी माल कमी भरला असता तर माझ्याच अंगाशी आलं असतं."

तिसरं काम बँकेचं. कंपनी म्हणते, आमचे बँकेत इतके रुपये आहेत. ऑडिटर कंपनीने दाखवलेल्या कागदावर थांबत नाही. बँकेला परस्पर विचारतो आणि बँकेचं उत्तरही थेट त्याच्याकडे यावं लागतं. एवढी कटकट कशाला, असं आपल्याला वाटेल. त्याचं उत्तर हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीत मिळतं. ७ जानेवारी २००९ ला या कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की हिशोबात दाखवलेले पाच हजार कोटींहून जास्त रुपये बँकेत नव्हतेच. कंपनीचं ऑडिट दरवर्षी होत होतं, तेही जगप्रसिद्ध नावाशी जोडलेल्या फर्मकडून. पुढे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०११ मध्ये दाखवून दिलं की बँकेला विचारण्याचं काम ऑडिटरने स्वतःच्या हातात ठेवलं नव्हतं, कंपनीच्या लोकांवर सोडलं होतं. एवढ्या एका ढिलाईमुळे खोटी शिल्लक वर्षानुवर्षं खरी मानली गेली.

तुम्ही म्हणाल, कुठे ते हजारो कोटी आणि कुठे आपली शंभर-दोनशेची बचत. पण ती मुलगी दिवाळीला घरी आली तेव्हा काय झालं ते ऐका. आईच्या गटाच्या वह्या तिने हौसेने बघितल्या. रोकड वही आणि पेटीतले पैसे जुळले. पासबुकही जुळलं. पण पेटीत बँकेतून पैसे काढायच्या तीन कोऱ्या स्लिपा होत्या आणि त्यांच्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या होत्या. बँक लांब, एसटी दिवसातून दोनदा, खुरपणीचे दिवस. दोघींना एका वेळी जायला जमत नाही, म्हणून सह्या करून कोषाध्यक्ष काकूंकडे देऊन ठेवल्या होत्या. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता.

तरी तिने विचारलं आणि काकूंना फार लागलं. "बारा वर्षं पेटी सांभाळते मी. आता पोरींनी मला तपासायचं?" ती म्हणाली, "काकू, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. पण उद्या यातली एक स्लिप हरवली आणि भलत्याच माणसाने पैसे काढले, तर सगळं गाव आधी तुमच्याकडे बघेल. तेव्हा तुम्ही काय दाखवाल?" काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीच तिन्ही स्लिपा फाडल्या आणि चुलीत टाकल्या.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हेच लक्षात ठेवा. तपासणीची खरी गरज प्रामाणिक बाईला असते. तिच्याकडे बिल, सही आणि जुळलेली वही असली की तिला कुणापुढे शपथा घ्याव्या लागत नाहीत. विश्वास आहे म्हणून विचारायचं नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे गट फुटतात ते बहुतेक वेळा मनात राहून गेलेल्या प्रश्नांमुळे.

आपल्या गटात करता येतील अशा सहा गोष्टी तिने सांगितल्या. वहीत लिहून घ्या.

एक, बैठक सुरू होताच पेटीतली रोकड सगळ्यांसमोर मोजा आणि रोकड वहीशी ताडून बघा. मोजणारी दर वेळी वेगळी असू द्या.

दोन, बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून आणा आणि बैठकीत हातोहात फिरवा. शिल्लक मोठ्याने वाचा.

तीन, वही लिहिणारी आणि पैसे सांभाळणारी एकच नको.

चार, प्रत्येक खर्चाच्या पावतीवर नंबर घाला आणि तोच नंबर वहीत लिहा. पावती मिळत नसेल तर कागदावर कारण लिहून दोघींच्या सह्या घ्या.

पाच, दोन्ही बाजूंनी बघा. गटाच्या वहीतल्या दोन-तीन नोंदी घेऊन त्या बायकांच्या पुस्तिकेत शोधा. मग दोन-तीन जणींच्या पुस्तिका घेऊन त्यातल्या नोंदी गटाच्या वहीत शोधा. चूक सापडली तर खोडू नका, वरून एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा.

सहा, कोऱ्या स्लिपेवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. बँक लांब असली तरी नाही.

हे सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही पैसे मोजता येतात, म्हणून पेटी मोजायचा पहिला मान त्यांना द्या. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात पेटी कुणी मोजली आणि काय जुळलं, काय जुळलं नाही, ते आम्हाला फोन करून किंवा पत्राने नक्की कळवा.