खाण थांबली, होल्डर चालू

दुसऱ्या महायुद्धातून सावरणाऱ्या जपानला पोलाद हवं होतं आणि पोलादासाठी खनिज. १९५१ साली तिथल्या कोकान मायनिंग कंपनीने गोव्यातल्या चौगुले यांच्या पेढीशी करार केला. यंत्रसामग्री जपानने पुरवायची आणि तिचे पैसे खनिजातून फेडायचे. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. युद्धानंतर जपानने परदेशात घातलेल्या अगदी सुरुवातीच्या भांडवलात या कराराची नोंद होते. ती यंत्रं ज्या डोंगरावर चढली, तो डोंगर डिचोली तालुक्यातल्या शिरगावचा.

गोव्याबाहेर शिरगाव माहीत आहे ते श्री लईराई देवीच्या जत्रेमुळे. वैशाख शुद्ध पंचमीला व्रतस्थ धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात आणि सारा गोवा तिथे लोटतो. खाणींमुळेही गावाचं नाव छापून येतं, बहुधा कोर्टकचेरीच्या बातम्यांत. या परिसरातला तिसरा माणूस मात्र ना जत्रेच्या फोटोत दिसतो, ना खाणीच्या बातमीत. तो वेल्डर, फिटर, मोटार रिवाइंडिंगवाला किंवा वायरमन असतो. डोंगर पोखरणारं यंत्र आलं, त्याच दिवशी ते दुरुस्त करणाऱ्याची गरजही गावात आली. पुढे पन्नास-साठ वर्षं खाणीने खनिज बाहेर काढलं, त्याच्या जोडीने कारागीरही घडवले. पगारी शाळा म्हणून खाणीचा हिशेब मात्र कुणी मांडलेला नाही.

या शाळेचं वर्ष पावसाशी बांधलेलं होतं. पाऊस संपला की खनिजाची वाहतूक सुरू व्हायची. टिप्पर खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदरात. जूनमध्ये मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा खवळला की बार्जना कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरावं लागे आणि खाणीवरचं कामही मंदावे. गॅरेजवाल्याचा हंगाम तेव्हाच सुरू व्हायचा. टिप्परच्या हौद्याचा झिजलेला पत्रा बदलायचा, तडकलेली चासी जोडायची, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचे दात आणि ओठ पुन्हा भरून घ्यायचे.

बकेटचं काम जवळून बघण्यासारखं असतं. खनिज आणि जांभा दगड पोलादाला कानशीसारखा खातो. झिजलेल्या ओठावर वेल्डर आधी साध्या रॉडने थर देतो आणि त्यावर हार्डफेसिंगच्या रॉडने कडक पट्टे ओढतो. बकेटचा ओठ मिश्र पोलादाचा असेल, तर वेल्डिंगआधी तो गॅस टॉर्चने तापवून घ्यावा लागतो. थंड पोलादावर टाका घातला तर तो गार होताना बाजूने चीर जाते. मग तोच माणूस शेजारच्या क्रशरच्या जबड्याकडे वळतो आणि तिथे नेमकं उलटं वागावं लागतं. जबड्याच्या प्लेटा मँगनीज पोलादाच्या असतात. इंग्रज धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८२ साली शोधलेलं हे पोलाद मार खाऊन अधिकच टणक होतं, पण वेल्डिंगमध्ये सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिलं तर ठिसूळ पडतं. म्हणून इथे छोटे टाके घालायचे, जागा बदलत जायचं, प्लेट हाताळण्याइतकी गार ठेवायची. दोन धातूंना दोन स्वभाव. ज्याला हा फरक हाताने कळतो, त्याला मिस्त्री म्हणतात.

हे शिक्षण व्हायचं कसं? वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर मिस्त्रीच्या हातात, ग्राइंडर आणि चिपिंग हॅमर हेल्परच्या हातात. पहिलं वर्ष-दीड वर्ष टाक्यावरचा स्लॅग ठोकून काढायचा, रॉड पुढे करायचे, केबल ओढायची, चहा आणायचा. मिस्त्री जेवायला गेला की भंगाराच्या तुकड्यावर चोरून टाका मारून बघायचा. रॉड प्लेटला चिकटतो, मशीन गुरगुरतं, तो उपटून पुन्हा मारायचा. काच न लावता आर्ककडे बघितलं तर रात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखी आग होते. आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, म्हणजे कॉर्निया, भाजतो, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या बांधायला सांगतात. गॅरेजच्या शाळेत ‘कसं’ शिकवतात, ‘का’ शिकवत नाहीत.

‘का’ शिकवायची सोय वेगळीकडे आहे. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआयचं जाळं उभं राहिलं. शिरगावच्या मुलाला जवळचं सरकारी आयटीआय डिचोलीत आहे, उत्तरेच्या मुलांना पेडण्यात. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, प्रवेशाला आठवी पास पुरते. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. दोन्हीकडे हाताच्या कामाला सर्वांत जास्त तास असतात, तरी पालकांच्या मनात आयटीआय म्हणजे ‘मार्क कमी पडले’ एवढाच अर्थ अजून रुतून बसला आहे. बारावी काठावर सुटलेल्या मुलाला पदवीला ढकलणारं घर त्याच मुलाचा हात चांगला आहे का, हे क्वचितच बघतं.

आयटीआयचा मुलगा रॉडच्या खोक्यावरचा आकडा वाचतो. ई ७०१८ म्हणजे काय? वेल्डची ताणशक्ती चौरस इंचाला किमान ७० हजार पौंड, एक म्हणजे कोणत्याही बाजूने मारता येतो, आठ म्हणजे कमी हायड्रोजनचं लेपण. हे कमी हायड्रोजन प्रकरण गोव्यात फार महत्त्वाचं. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत लेपण ओल शोषतं, ओलीतला हायड्रोजन टाक्यात शिरतो आणि जोड वरून देखणा दिसला तरी पोटात चिरतो. अनेक वर्कशॉपांत लाकडी पेटीत बल्ब लावून रॉड ठेवतात. त्याने रॉड कोरडे राहतात, पण एकदा ओल धरलेला ७०१८ त्या पेटीत सुधारत नाही. त्याला तीनशे अंशांच्या आसपास भट्टीत तास-दोन तास भाजावं लागतं.

याच मुलाला गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी टिप्परखाली पाठीवर झोपून डोक्यावरचा टाका मारायला सांगितला, तर वितळलेला धातू त्याच्या गळ्यात पडतो. गॅरेजचा पोरगा हा टाका गाणं गुणगुणत मारतो. पण त्याच्यापुढे ड्रॉइंग ठेवलं की तो गप्प होतो. दोघांची परीक्षा घेणारी जागा म्हणजे पाईप वेल्डिंगची ६जी चाचणी. पाईप ४५ अंशांत पक्का बांधलेला, तो हलवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरत खालून, बाजूने, वरून टाका पुरा करायचा. मग त्याचे तुकडे वाकवून किंवा क्ष-किरणांनी तपासून निकाल. आखाती देशांत वा जहाजावर तारवटी, म्हणजे खलाशी, म्हणून जाणाऱ्या गोव्याच्या वेल्डरला हा कागद पासपोर्टइतकाच लागतो. गॅरेज आणि आयटीआय ही दोन्ही अर्धी शिक्षणं आहेत, आणि ती जोडण्यासाठी सरकारने केलेला शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून पुस्तकात आहे. तीस वा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कायदा चांगला आहे. मात्र काही ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हेल्पर असाच हिशेब चालतो आणि वर्षभर त्याच्या हातात झाडूच राहतो.

विजेच्या कामात चुकीला दुसरी संधी नसते. शिरगावच्या खाणींत वीज मुख्यतः लागायची पंपांना. खाणी इतक्या खोल गेल्या की भूजलाची पातळी ओलांडून खाली उतरल्या आणि पाणी उपसल्याशिवाय काम अशक्य झालं. मोठी मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. ती आधी स्टार जोडणीत सुरू केली की हा हिसका एक तृतीयांशावर येतो, वेग घेतला की डेल्टावर न्यायची. स्टार-डेल्टा स्टार्टर आयटीआयच्या फळ्यावर अवघड वाटतो. पंपाशेजारी उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतो. मोटार जळली की रिवाइंडिंगवाल्याकडे. तो जुनं वाइंडिंग कापतो, वेढे मोजतो, तारेची जाडी मायक्रोमीटरने बघतो, वहीत नोंदतो आणि तसंच नवं भरतो. पण ज्या पंपांनी त्याचं घर चाललं, त्याच पंपांमुळे गावच्या विहिरी आणि झरे आटल्याची तक्रार शिरगावकरांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली. गावाने कारागीर कमावला आणि पाणी गमावलं, या दोन्ही गोष्टी एकाच लेखात यायला हव्यात.

घरगुती वायरिंगमध्ये गोव्याची अडचण पायाखाली आहे. चिऱ्याची जमीन पावसात चिंब असते, एप्रिल-मेमध्ये खडखडीत कोरडी पडते आणि कोरडा जांभा वीज सहजी वाहून नेत नाही. मीठ-कोळसा घालून केलेल्या अर्थिंगचं मीठ दोन-चार पावसाळ्यांत धुऊन जातं. म्हणून ऑगस्टमध्ये मापलेलं अर्थिंग मे महिन्यातही तसंच असेल, असं धरून चालत नाही. जोडीला तीस मिलिअँपियर गळतीवर तुटणारा आरसीसीबी हवाच. तेवढ्याच्या वरचा करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. दुसरा धडा लाईनवर काम करणाऱ्यांचा. पुरवठा बंद केला तरी काम चाललेल्या जागेच्या दोन्ही बाजू अर्थ केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. कुणीतरी घरात जनरेटर चुकीचा जोडलेला असतो आणि मेलेली समजलेली तार उलट्या बाजूने जिवंत होते.

या कारागिरांना पोसणारी खाण मग थांबली. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झालं होतं, बरंचसं चीनकडे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने काम थांबवलं आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद. टिप्पर अंगणात गंजले, कर्जाचे हप्ते थकले.

या काळात कुणाचं निभलं हे बघितलं की धंद्यांतला फरक कळतो. टिप्परमालकाचं भांडवल चाकांवर होतं, चाकं थांबली तसं ते अडकलं. सुपरवायझरचं ज्ञान त्या एका डोंगराचं होतं. वेल्डर आणि वायरमन होल्डर-पक्कड घेऊन दुसरीकडे गेले. डिचोलीचे कारखाने, आमोण्याचा कच्च्या लोखंडाचा प्रकल्प, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे एसी आणि जनरेटर, छपरं-ग्रिल्सची कामं. पैसे कमी, पण चूल पेटती राहिली. तशी ही वाट जुनीच. वास्कोचं गोवा शिपयार्ड पोर्तुगिजांनी १९५७ साली काढलं ते खनिजाच्या बार्ज बांधायला आणि दुरुस्त करायला. जुलै २०२४ मध्ये तिथून नौदलाची ‘त्रिपुट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. खनिजासाठी शिकलेलं वेल्डिंग युद्धनौकेपर्यंत पोचतं, याला यापेक्षा ठळक पुरावा गोव्यात नाही.

पेडण्यात दार दुसऱ्या बाजूने उघडलं. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणं सुरू झाली. विमानतळ म्हणजे विजेवरचा कारभार: धावपट्टीचे दिवे, एसी, सरकते पट्टे, आणीबाणीचे जनरेटर. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पेडणेकरांना तिथे कायम नोकऱ्या किती मिळाल्या, हा वाद तालुक्यात अजून तापलेला आहे. त्या वादात एक खरी गोष्ट मागे पडते. प्रमाणपत्र नसलेल्या हुशार पोराला विमानतळाच्या पॅनलजवळ कुणी उभं करणार नाही, मग तो कितीही जवळच्या वाड्यावरचा असो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातल्या पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. त्यात शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे पट्टे होते; डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये काम पुन्हा सुरूही झालं. यंत्रं परत येतील, गॅरेजांना जूनचा हंगाम परत मिळेल. या खेपेला गॅरेजमधल्या हेल्परला आयटीआयचा कागद आणि आयटीआयच्या मुलाला गॅरेजचा हात मिळेल एवढं जरी खाणवाल्यांकडून कायद्याप्रमाणे करून घेतलं, तरी गावाच्या पदरात काही पडेल.

तोवर घरमालकांनी एक करावं. वायरिंगचं काम देताना कारागिराचं परमिट बघायला मागा, काम झाल्यावर अर्थिंग आपल्यासमोर मापून घ्या आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. आणि दहावीचा निकाल लागायच्या आधीच एखाद्या सकाळी मुलाला, मुलीलाही, डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या आयटीआयचं वर्कशॉप दाखवून आणा.