पुस्तक मिटा, कागद घ्या

पुण्यातल्या एका महाविद्यालयाची अभ्यासिका मी सांभाळते. सेमिस्टर संपत आलं की मुलं एकच पान चार-चार वेळा वाचतात आणि रडवेली होऊन म्हणतात, "मॅडम, डोक्यात काहीच शिरत नाहीये."

भीतीने शरीरात अॅड्रेनालिन वाढतं. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. थोडा ताण अभ्यासाला बसवतो. तो हाताबाहेर गेला की पाठ केलेलंही ऐन वेळी आठवत नाही. अशा वेळी श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. धडधड कमी होते.

मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. राहिलेलं लाल पेनाने भरायचं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा असं आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. शिवाय नेमकं काय येत नाही ते कळतं आणि मोघम धास्ती ओसरते.

रात्रीचं जागरण टाळा. वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप-जेवण उडालं, जगणं नकोसं वाटलं, तर घरी सांगा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. पेपर पुन्हा देता येतो, मुलांनो. आधी तुम्ही.